पहिले लाकडी बाक: मापापासून पॉलिशपर्यंत

सुतारकामाची हौस असलेला माणूस पहिली वस्तू म्हणून बहुधा कपाट, पलंग किंवा पुस्तकांची मांडणी मनात धरतो. कपाट म्हटले की दारे, बिजागऱ्या आणि खण आले, आणि त्यांत दोन मिलिमीटरचा फरकही लगेच दिसतो. त्यामानाने पाठ नसलेले साधे बाक सुरुवातीला फार सोयीचे पडते. त्याचे तुकडे मोजके असतात, त्यात काही सरकत नाही की उघडझाप करत नाही, आणि तरीही त्यावर माणूस बसणार असल्यामुळे सांधे खरोखर मजबूत करावेच लागतात. या लेखात १००० मिमी लांब, २९५ मिमी रुंद आणि ४४५ मिमी उंच अशा बाकाची कृती दिली आहे. बसायच्या जागेची उंची साधारण ४०० ते ४५० मिमी असली की बहुतेक प्रौढांचे पाय जमिनीवर नीट टेकतात, म्हणून ही उंची घेतली आहे.

अवजारे किती भारी आहेत यापेक्षा दोन गोष्टींवर या कामाचे यश जास्त अवलंबून असते: कापलेले टोक काटकोनात आहे का, आणि लाकूड ऋतूप्रमाणे फुगणार व आकसणार याला आपण जागा ठेवली आहे का.

लाकूड कसे हलते

लाकडातल्या ओलाव्याचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेले की ते आकसू लागते, आणि पुढे घरात आल्यावरही हवेतल्या दमटपणाप्रमाणे ओलावा घेत आणि सोडत राहते. मात्र ते सगळ्या दिशांनी सारखे हलत नाही. लांबीच्या दिशेने होणारा बदल इतका नगण्य असतो की फर्निचरमध्ये तो धरतच नाहीत. रुंदीच्या दिशेने मात्र बदल जाणवतो, आणि वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेने तो वर्तुळांना छेद देणाऱ्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट असतो. फळीला बाक येतो तो या असमान आकसण्यामुळेच. रुंद फळी आडव्या पट्टीवर दोन्ही कडांना सरस आणि स्क्रूने पक्की जखडली, तर आकसताना तिला सरकायला जागा उरत नाही आणि ती मधोमध तडकते. नवशिक्यांच्या टेबलांना वर्षभरात ज्या चिरा पडतात, त्यांतल्या बहुतेक अशा जखडण्यातून आलेल्या असतात, आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो. आपल्या बाकाची बैठक तीन वेगळ्या फळ्यांची आणि मध्ये फटी ठेवलेली आहे ती याचसाठी.

लाकूड निवडताना

पहिल्या कामाला पाइनसारखे मऊ, रंधलेले आणि वाळवलेले लाकूड घ्यावे. ते हाताने सहज कापता येते, आणि एखादा तुकडा वाया गेला तरी जिवाला लागत नाही. घरात ठेवायच्या फर्निचरसाठी ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा. ओलावामापक जवळ नसेल तर एकाच मापाचे तुकडे हातात घेऊन पाहावेत; त्यांतला एखादा विशेष जड आणि स्पर्शाला गार लागला, तर तो ओला असण्याचा संभव असतो.

प्रत्येक फळी एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळावी. कडेने धनुष्यासारखा आलेला थोडा बाक स्क्रूने ओढून सरळ करता येतो, पण पीळ पडलेली फळी, म्हणजे जिचे चारही कोपरे एका पातळीत टेकत नाहीत ती, सरळ बाजूला ठेवावी. पीळ काढण्याइतके रंधाकाम नवशिक्याच्या आवाक्यात नसते. घट्ट बसलेली बारीक गाठ चालते. काळी कड असलेली, हलणारी गाठ चालत नाही, आणि पायांच्या तुकड्यांत तर मोठी गाठ अजिबात नसावी. टोकाकडून पाहिल्यावर ज्या तुकड्याच्या पोटात झाडाचा अगदी मधला गाभा दिसतो, तो पुढे तडकण्याची शक्यता अधिक, म्हणून तोही टाळावा.

लाकूड आणल्यावर लगेच कापू नये. ज्या खोलीत बाक राहणार आहे तिथे ते एकावर एक, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, एक-दोन आठवडे रचून ठेवावे, म्हणजे त्याला वाकायचे असेल तर ते कापण्यापूर्वीच वाकेल.

प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते जवळजवळ हलत नाही आणि कपाटाच्या अंगासाठी उत्तम ठरते. पण त्याच्या कडेत स्क्रू तितकासा धरत नाही. या बाकाला भरीव लाकूडच सोपे.

अवजारे

मीटर टेप, स्टीलची पट्टी, काटकोन तपासायचा गुण्या, टोकदार पेन्सिल, धारदार चाकू, बारीक दात्यांची हातकरवत, ड्रिल मशीन, २.५ आणि ४.५ मिमीचे बिट, स्क्रूच्या डोक्यासाठी खड्डा पाडणारे काउंटरसिंक बिट, तुकडे आवळून धरणारे निदान चार क्लॅम्प, आणि पॉलिश पेपर गुंडाळायला सपाट ठोकळा एवढ्यावर हे बाक पूर्ण होते. रंधा असेल तर उत्तम, पण रंधलेले लाकूड घेतले असेल तर त्यावाचून अडत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर ते कशावरही वाचवावेत, गुण्यावर मात्र नाही. नवा गुण्याही तपासून घ्यावा: फळीच्या सरळ कडेला तो टेकवून चाकूने रेघ मारावी, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी त्याची चूक असते.

डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडाला धूळ अडवणारा मास्क हवाच. लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली आहे, त्यामुळे बारीक भुशाकडे निव्वळ घाण म्हणून पाहू नये. ड्रिलसारखे फिरते यंत्र चालवताना हातमोजे घालू नयेत, कारण बिट मोज्याचे कापड पकडून हात ओढून नेऊ शकते.

आराखडा आणि तुकडे

बाकाची रचना अशी आहे: चार पाय, दोन्ही टोकांना पायांच्या बाहेरून लावलेली एकेक आखूड पट्टी, लांबीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून लावलेल्या दोन लांब पट्ट्या, ज्या आखूड पट्ट्यांची उघडी टोकेही झाकतात, आत तीन आडवे टेकू, आणि वर तीन फळ्या. लागणारे तुकडे पुढीलप्रमाणे:

पाय: ४५ × ४५ मिमी, लांबी ४२०, नग ४
आखूड पट्ट्या: ९० × २० मिमी, लांबी २२०, नग २
लांब पट्ट्या: ९० × २० मिमी, लांबी ९००, नग २
आडवे टेकू: ४५ × ४५ मिमी, लांबी २२०, नग ३
आधाराचे ठोकळे: ४५ × ४५ मिमी, लांबी ४५, नग २
बैठकीच्या फळ्या: ९५ × २५ मिमी, लांबी १०००, नग ३

चौरस लाकूड सगळे मिळून २४३० मिमी भरते, पण प्रत्येक कापात करवतीच्या वाटेला एक ते तीन मिलिमीटर जातात आणि फळ्यांची मूळ टोके बहुधा चिरलेली असतात, म्हणून २७०० मिमी तरी घ्यावे. पट्ट्यांसाठी २४०० आणि फळ्यांसाठी ३२०० मिमी पुरते. हाती आलेल्या लाकडाची जाडी वरच्या आकड्यांपेक्षा एक-दोन मिलिमीटर वेगळी निघाली तर बिघडत नाही, फक्त कापण्याआधी हिशेब नव्याने मांडावा: लांब पट्टीची लांबी म्हणजे पायांच्या बाहेरील कडांमधले अंतर, येथे ८६०, आणि त्यात आखूड पट्टीची जाडी दोनदा.

आखणी आणि कापणी

प्रत्येक तुकड्याची एक सपाट बाजू आणि तिला लागून असलेली एक सरळ कड निवडून दोन्हींवर खूण करावी, आणि गुण्या नेहमी त्या खुणेच्या बाजूंनाच टेकवावा. कोणत्याही बाजूने आखले तर चार बाजूंच्या रेघा एकमेकींना मिळत नाहीत.

सारख्या लांबीचे तुकडे प्रत्येक वेळी टेपने मोजू नयेत. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलता असतो, डोळा दर वेळी वेगळ्या कोनातून पाहतो, आणि चार पायांच्या चार लांब्या होतात. त्याऐवजी पहिला पाय काळजीपूर्वक कापून तपासावा, त्यावर ‘नमुना’ असे लिहावे, आणि उरलेले तिन्ही त्याच्यावरूनच आखावेत. दुसऱ्यावरून तिसरा आणि तिसऱ्यावरून चौथा असे केले की पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी भर घालत जाते.

आखताना पेन्सिलीच्या रेघेवरून चाकू फिरवून बारीक चीर पाडावी. या चिरेमुळे करवतीने तंतू उचकटत नाहीत आणि कड स्वच्छ निघते. लाकूड क्लॅम्पने टेबलाला पक्के बांधावे. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कापलेले टोक क्वचितच सरळ येते. करवत रेघेवर नव्हे, तर रेघेच्या टाकाऊ बाजूला लावावी आणि रेघ तुकड्यावर जिवंत ठेवावी. सुरुवातीला करवत दोन-तीनदा हलकेच मागे ओढून खाच पाडावी, मग पूर्ण लांबीचे संथ हात मारावेत. जोर लावायची गरज पडली तर करवत बोथट आहे किंवा आत अडकते आहे असे समजावे. वरच्या आणि समोरच्या अशा दोन्ही रेघा डोळ्यांसमोर राहतील असे उभे राहावे, आणि शेवटच्या काही मिलिमीटरांत टाकाऊ तुकड्याला हाताचा आधार द्यावा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडताना चांगल्या तुकड्याची ढलपी घेऊन जातो.

कापून झाल्यावर चारही पाय सपाट पृष्ठभागावर शेजारी-शेजारी उभे करून वरून बोट फिरवावे. अर्ध्या मिलिमीटरची पायरीही बोटाला कळते. आडवे टेकू मात्र एवढ्यात कापू नयेत. चौकट उभी राहिल्यावर आतले खरे अंतर मोजूनच ते कापायचे आहेत.

भोके

लाकडात स्क्रू सरळ पिळला की तो पाचरीचे काम करतो आणि टोकाजवळ हमखास चीर पाडतो. यासाठी दोन वेगळी भोके लागतात. वरच्या तुकड्यात स्क्रूच्या बाहेरील जाडीपेक्षा किंचित मोठे मोकळे भोक हवे, म्हणजे स्क्रूचे आटे तिथे पकड घेत नाहीत. खालच्या तुकड्यात आट्यांच्या मधल्या दांड्याएवढे बारीक भोक हवे. ४ मिमी जाडीच्या स्क्रूला वर ४.५ आणि खाली मऊ लाकडात २.५ मिमी ठीक पडते. कठीण लाकडात खालचे ३ मिमी करावे. वरचे मोकळे भोक वगळले तर आटे दोन्ही तुकड्यांना धरून बसतात, मध्ये राहिलेली फट कितीही पिळले तरी मिटत नाही, आणि पिळणारा मात्र स्क्रू घट्ट बसला अशा समजुतीत राहतो. काउंटरसिंक करताना स्क्रूचे डोके लाकडाच्या पातळीला येईल इतकाच खड्डा करावा.

पायाच्या एकाच कोपऱ्यात दोन दिशांनी स्क्रू येणार असल्यामुळे त्यांची उंची वेगळी ठेवणे भाग आहे, नाहीतर ते आत एकमेकांवर आदळतील. आखूड पट्टीचे स्क्रू वरच्या कडेपासून ३० आणि ६० मिमीवर, तर लांब पट्टीचे ४५ आणि ७५ मिमीवर घ्यावेत. लांब पट्टीवरचे भोक तिच्या टोकापासून ४२ मिमी आत असावे, कारण पहिले २० मिमी आखूड पट्टीच्या टोकावर जातात आणि पाय त्यानंतर सुरू होतो. इथे घाईने २२ मिमीवर भोक पाडले तर स्क्रू पट्टी आणि पाय यांच्या मधल्या सांध्यात जातो.

जोडणी

सरस लावण्याआधी सगळे तुकडे कोरडेच स्क्रूने जोडून पाहावेत, आणि सुटे करताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहावा. लाकडासाठीचा पांढरा सरस अशा कामाला पुरेसा असतो. तो दोन्ही पृष्ठभागांवर पातळ आणि सारखा पसरावा. दाबल्यावर कडेने बारीक मण्यांची ओळ बाहेर आली की प्रमाण बरोबर आहे. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसावा. त्याचा पुसट थर राहिला तर पॉलिश तिथे शिरत नाही आणि फिकट डाग उमटतो.

प्रथम दोन टोके तयार करावीत. दोन पाय सपाट जागी आडवे ठेवून, त्यांच्या बाहेरील कडा आखूड पट्टीच्या टोकांशी आणि वरची टोके पट्टीच्या वरच्या कडेशी मिळवाव्यात, सरस लावून क्लॅम्प आवळावा, गुण्या लावून पाहावा, आणि मगच प्रत्येक पायात ५० मिमीचे दोन स्क्रू पिळावेत. सरस ओला असताना तुकडे साबणासारखे सरकतात, म्हणून क्लॅम्प आधी आणि स्क्रू नंतर हा क्रम बदलू नये. तासाभराने क्लॅम्प काढता येतात, पण सांध्यावर खरा भार टाकण्यापूर्वी २४ तास जाऊ द्यावेत.

मग दोन्ही टोके उभी करून लांब पट्ट्या त्याच पद्धतीने जोडाव्यात. सरस सुकण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर क्लॅम्प लावून, फरक मिटेपर्यंत, हलकेच आवळावे. ही तपासणी या अवस्थेत मिनिटभराची असते. सरस सुकल्यावर तिचा काही उपयोग नाही.

आता आतले अंतर मोजून तीन टेकू कापावेत. दोन टेकू पायांच्या आतील बाजूला, वरच्या पातळीशी मिळवून, सरस आणि दोन्ही टोकांना ७० मिमीचा एकेक स्क्रू देऊन बसवावेत. हा स्क्रू टेकूच्या वरच्या कडेपासून आणि टोकापासून १५ मिमीवर घेतला की तो पायातल्या आधीच्या स्क्रूंना चुकवतो. मधला टेकू वेगळा आहे. त्याचे टोक पट्टीला भिडते, आणि टोकाच्या कापात ना सरस नीट धरतो, कारण तंतूंची उघडी तोंडे तो शोषून घेतात, ना स्क्रू, कारण आटे तंतूंना आडवे न जाता त्यांच्या मधून जातात. म्हणून त्याचे वजन स्क्रूवर न टाकता खालच्या ठोकळ्यांवर टाकायचे. पट्टीची रुंदी ९०, टेकूची उंची ४५, त्यामुळे ४५ मिमीचा ठोकळा त्याखाली बरोबर बसतो. ठोकळ्याच्या रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, पट्टीच्या रेषांना समांतर ठेवून त्याला सरसाने चिकटवावे. तंतूंच्या बाजूंचा असा समांतर सांधा नीट जमला, तर तो लाकडाइतकाच मजबूत होतो. टेकूला बाहेरून ७० मिमीचा एकेक स्क्रू फक्त जागच्या जागी ठेवण्यापुरता द्यावा.

बैठक

प्रत्येक फळीची दिसायला चांगली बाजू वर ठेवावी. फळ्यांच्या वरच्या कडा आणि टोके बसवण्यापूर्वीच पॉलिश पेपरने किंचित गोल करून घ्यावीत; धारदार कड मांडीला टोचते आणि पॉलिशही तिथूनच आधी उडते. मधली फळी प्रथम मध्यावर ठेवून, दोन्ही बाजूंना ५ मिमी जाडीच्या चकत्या घालून कडेच्या फळ्या लावाव्यात. लांबीत दोन्हीकडे ५० मिमी आणि रुंदीत साधारण १७ मिमी फळी चौकटीबाहेर येते.

इथे सरस अजिबात लावायचा नाही. खालून, टेकूतून वर, प्रत्येक फळीला प्रत्येक टेकूवर ६० मिमीचा एकच स्क्रू द्यावा. मधल्या फळीचा स्क्रू तिच्या मध्यावर येतो, कडेच्या फळ्यांचा टेकूच्या टोकापासून ३० मिमी आत. एका स्क्रूवर धरलेली फळी दोन्ही बाजूंना मोकळेपणाने आकसू शकते. टेकूची उंची आणि फळीची जाडी मिळून ७० मिमी होते, म्हणजे डोके तीन-चार मिमी आत गेले तरी टोक वर यायला सहा-सात मिमी उरतात; तरीही पहिला स्क्रू पिळताना वरून हात ठेवून पाहावे, आणि बारीक भोक पाडताना ड्रिलच्या बिटला योग्य खोलीवर चिकटपट्टी गुंडाळावी.

डुगडुग

सगळे काटेकोर केले तरी बाक थोडे डुगडुगण्याची शक्यता असते. अंदाजाने एकेक पाय घासत गेले तर बाक हळूहळू बुटके होते आणि डुगडुग राहतेच. खरोखर सपाट जागी, म्हणजे जाड प्लायवूडच्या तुकड्यावर किंवा दगडी ओट्यावर, बाक ठेवावे, आखूड पायाखाली पुठ्ठ्याच्या चकत्या घालून ते स्थिर करावे, आणि सर्वांत मोठ्या फटीहून किंचित जाड असा एक ठोकळा त्या पृष्ठभागावर सरकवत चारही पायांभोवती पेन्सिलने रेघ मारावी. त्या रेघांवर कापले की चारही पाय एका पातळीत येतात. शेवटी पायांच्या खालच्या कडा थोड्या तिरप्या घासाव्यात, नाहीतर बाक ओढताना त्यांच्या ढलप्या निघतात.

घासणे आणि पॉलिश

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून १२०, मग १८० असे चढत जावे. प्रत्येक नंबरचे काम आधीच्या नंबरचे ओरखडे घालवणे एवढेच असते, म्हणून मधली पायरी गाळली तर खोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश लागल्यावरच दिसतात. नेहमी रेषांच्या दिशेनेच घासावे. भुसा झटकून पृष्ठभागावर अगदी तिरपा प्रकाश टाकला की सरसाचे डाग आणि आडवे ओरखडे लगेच नजरेत भरतात.

वार्निश पाण्यावर आधारित असेल तर आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यावे. उभे राहिलेले तंतू २२० नंबरने हलकेच उतरवावेत, म्हणजे पहिल्या थरानंतर पृष्ठभाग खरखरीत होत नाही. दोन-तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले. मधल्या प्रत्येक थरानंतर ३२० नंबरने पुसटसे घासावे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सुंदर दिसते, चुकले तर दुरुस्तही सहज होते, पण उष्णता आणि अल्कोहोल तिला सोसत नाहीत, म्हणून वापरातल्या बैठकीला वार्निश बरे. बाकाची खालची बाजूही पॉलिश करावी. एकाच बाजूला थर असला तर दुसरी बाजू ओलावा लवकर घेते आणि फळीला बाक येतो.

जवसाचे तेल वापरत असाल तर एक गोष्ट जीव महत्त्वाचा असल्याप्रमाणे पाळावी. हे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून सुकते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती उष्णता आतच साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती बाहेर, एकेक करून, सपाट पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्यावीत, किंवा पाण्यात बुडवून झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

पॉलिश सुकल्यावर बाक वापरायला घेता येते, पण पहिला दमट आणि पहिला कोरडा ऋतू उलटला की ते एकदा उपडे करून सगळे स्क्रू तपासावेत. लाकूड फुगताना स्क्रूच्या डोक्याखाली दबते आणि आकसल्यावर तिथे बारीकशी जागा राहते, त्यामुळे बैठकीचे एक-दोन स्क्रू पाव फेरा घेतातच. एखादा नुसताच फिरत राहिला, तर तो काढून भोकात सरस लावलेली लाकडाची बारीक काडी ठोकावी, वाळल्यावर ती कापून पातळीत आणावी, आणि त्याच जागी नवे बारीक भोक पाडून स्क्रू परत बसवावा.